रतनबाई सही करत नाहीत

आमच्या वडिवळ्याच्या शाळेत रोज दुपारी एका वहीत दोन सह्या होतात, एक माझी आणि एक रतनबाईंची. खिचडी मुलांच्या ताटात पडण्याआधी मास्तरानं ती चाखायची, चव कशी आहे ते लिहून सही करायची आणि खाली शिजवणारीनं सही करायची, असा नियम आहे. अकरा वर्षं मी 'चांगली' हा एकच शब्द लिहीत आलो आहे. तो एक शब्द वाचायला रतनबाई पुरतं अर्धं मिनिट घेतात. मग सही करतात आणि सहीखाली जी बोटभर कोरी जागा उरते तिच्यावर पेनानं तिरकी रेघ ओढतात.

पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं, ही रेघ कशाला? म्हणाल्या, मोकळ्या जागेत मागनं कुणी काही लिहिलं तर? मला हसू आलं. खिचडीच्या वहीत मागनं कोण काय लिहिणार, तुमची इस्टेट थोडीच चाललीय, असं मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. वही मिटून माझ्या हातात दिली आणि पातेल्याकडे वळल्या.

ही वही सोडली तर रतनबाई कशावरही सही करत नाहीत. कुणी कागद पुढं केला की आधी तो उलटा करून मागची बाजू बघतात. पोलिओचे डोस देणाऱ्या बायका दारावर खडूनं खूण करतात ना, ती खूण म्हणजे काय हे त्यांनी समजून घेतलं, आणि त्या बायका वळल्यावर ओल्या फडक्यानं पुसून टाकली. दवाखान्यातून गोळ्या आणल्या तर पाकिटावरची तारीख दोघांकडून वाचून घेतात. वय असेल शेहेचाळीस, अंगानं काटक, बोलणं मोजकं. गावात त्यांना पाठीमागे 'वकीलबाई' म्हणतात. त्यांचे यजमान केरबा अगदी उलट. धरणाच्या अंगाला एका फार्महाऊसवर माळीकाम करतात, आणि समोरचा काय म्हणतोय ते पुरतं ऐकून घेण्याआधीच 'व्हय' म्हणून मोकळे होतात.

मी तापट माणूस आहे. शाळेचा चार्ज माझ्याकडे, वर सतरा प्रकारची कागदपत्रं. त्यात सही न करणारी बाई म्हणजे पायात काटा. अकरा वर्षांत आमच्या दोघांचे किती खटके उडाले त्याची गणती नाही. पण खिचडी त्यांच्यासारखी दुसऱ्या कुणाला जमत नाही हेही खरं आहे.

गेल्या जुलैत एका शनिवारी सकाळची शाळा सुटताना दोन मुली फाटकात येऊन उभ्या राहिल्या. लोणावळ्याहून लोकलनं कामशेत, तिथून जीपनं गावात. पाठीवर मोठाल्या सॅका. एक यशोधरा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दुसरी रुपाली, तिची मैत्रीण. म्हणाल्या, सहावी-सातवीच्या मुलींना दर शनिवारी दोन तास कोडिंग शिकवू, चार लॅपटॉप आम्हीच आणू.

खरं सांगतो, आधी मलाच संशय आला. आमच्या शाळेला उपकार नवे नाहीत. पाण्याचा फिल्टर आला, फोटो निघाला, दुसऱ्या महिन्यात फिल्टर बंद पडला. शंभर झाडं लागली, फोटो निघाला, झाडं शेळ्यांनी खाल्ली. या दोघींचाही एक फोटो निघेल आणि चौथ्या शनिवारी पाऊस आहे म्हणून त्या यायच्या थांबतील, असं धरून मी परवानगी दिली.

रतनबाईंनी मात्र त्यांना सोडलं नाही. सातवीत त्यांची धाकटी मुलगी कोमल आहे, म्हणजे प्रश्न घरचाच होता. स्वयंपाकखोलीच्या दारात उभं राहून त्यांनी चौकशी केली. गाव कुठलं, वडील काय करतात, आई काय करते. यशोधरानं सांगितलं, वडील रेल्वेत कीमन आहेत, रोज रुळावरून चालत तपासणी करतात. आई चिक्कीच्या कारखान्यात पाकिटं भरते. मग आडनाव. गावात आडनाव विचारलं की बाकीचं सगळं विचारल्यासारखंच होतं. यशोधरानं मान ताठ ठेवून 'ओव्हाळ' म्हणून सांगितलं. मुलांना न्यायला आलेल्या दोनतीन बायांनी एकमेकींकडे बघून घेतलं. रतनबाईंनी तिच्या हातात खिचडीची ताटली दिली, जशी सगळ्यांना देतात तशीच, आणि चौकशी पुढं चालू ठेवली. त्यांचा संशय जातपात बघत नाही, एवढं मी अकरा वर्षांत शिकलो होतो.

"फुकट का शिकवताय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"अगदी फुकट नाही मावशी," यशोधरा म्हणाली. "कॉलेजात याचे मार्क मिळतात. चाळीस तास भरावे लागतात."

"आन् चाळीस भरल्यावर?"

"ते अजून ठरवलं नाही."

सेवाभाव, गावाची मुलं वगैरे काही तिनं काढलं नाही, याचं मला बरं वाटलं. रतनबाईंनी त्या दिवशीपासून तास मोजायला घेतले.

पहिल्या दिवशी यशोधरानं लॅपटॉप सॅकेतून काढलेच नाहीत. रुपालीला हंडा आणि पेला घेऊन उभं केलं आणि मुलींना सांगितलं, ही मशीन आहे, हिला पाणी भरायला सांगा. कोमल पुढं झाली. हंडा उचल म्हणाली, रुपालीनं उचलला. वाकव म्हणाली, वाकवला, आणि सगळं पाणी रुपालीच्या चपलांवर गेलं. पोरी हसून लोळायच्या बाकी. कोमल हसली नाही. पेला खाली धरायचं सांगायचं राहिलं, असं स्वतःशीच म्हणाली आणि परत पहिल्यापासून सांगायला लागली. चौथ्या खेपेला पेला काठोकाठ भरला.

रतनबाई दारातून बघत होत्या. सांगितल्याशिवाय ही मशीन काहीच करत नाही का, असं त्यांनी यशोधराला विचारलं. नाही म्हटल्यावर मान हलवली. स्वतःच्या मनानं काही न करणारी गोष्ट त्यांना आवडली असावी. पण त्या दारातून हलल्या नाहीत. पुढं जानेवारीपर्यंत एकही शनिवार त्या हलल्या नाहीत.

कॉलेजच्या अहवालाला दर वेळी एक फोटो लागायचा. रुपालीनं मोबाइल वर केला की रतनबाई कोमलला हाक मारायच्या. कधी पाणी आण, कधी पातेलं धर. वीसेक शनिवारांचे फोटो आहेत, त्यातल्या एकात कोमलची वेणी दिसते, बाकी कशातही ती नाही. मी एकदा चिडून म्हणालो, पोरगी काय नजर लागून वाळणार आहे का? पुढच्या शनिवारी मोबाइल वर होताच त्यांनी पुन्हा कोमलला हाक मारली.

दिवाळीनंतर कोमलनं स्वतःच्या डोक्यानं एक प्रोग्राम लिहिला. तो आधी विचारायचा, आज लहान मुलं किती, मोठी किती. आकडे टाकले की तांदूळ किती मापटी, डाळ किती, तेल किती पळ्या ते सांगायचा. सरकारी नियम ग्रॅममध्ये, आईचं माप मापट्याचं. मध्ये हिशेब बसवायला पोरीनं तीन आठवडे घातले होते. मी वर्गात सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

रतनबाई संतापल्या. आज किती मुलं आणि किती तांदूळ हे मशीनला कशाला हवंय? हे कुणाकडं जाणार? शाळेचा तांदूळ घरी नेते का बघायला पोरीलाच लावलंय माझ्यावर, असं त्या मला तोंडावर म्हणाल्या. कोमल रडली. यशोधरानं लॅपटॉप स्वयंपाकखोलीत नेऊन ओट्यावर ठेवला, नेटची जोडणी नाही हे दाखवलं, एकेक ओळ वाचून तिचा अर्थ सांगितला. शेवटी म्हणाली, मावशी, हा फक्त तुम्ही विचारलं तर तुम्हाला सांगतो. बाकी कुणाला सांगायला याला आम्ही शिकवलेलंच नाही.

तरी आठ दिवस रतनबाईंनी स्वतःच्याच अंदाजानं तांदूळ घातला. संध्याकाळी घरी कोमलला हळूच विचारायच्या, आज त्रेसष्ट मुलं होती, तुझं मशीन काय म्हणतं? कोमलनं लॅपटॉप नसतानाही वहीत मांडून उत्तर काढायचं. आठही दिवस आकडा जुळला. नवव्या दिवशी सकाळी शेगडी पेटवायच्या आधी विचारलं. हे मला कोमलनं सांगितलं, रतनबाईंनी नाही.

डिसेंबरात चाळीस तास पुरे झाले. रतनबाईंनी तो शनिवार भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवला होता. पुढच्या शनिवारी दोघी पुन्हा आल्या. मला आनंद झाला, रतनबाईंच्या कपाळावरची आठी मात्र वाढली. आता मार्कही मिळून गेले, मग आता हिला काय हवंय, हे त्या चारचारदा मला विचारत राहिल्या. मला त्या प्रश्नाचाच राग येत होता.

जानेवारीत उत्तर आलं असं त्यांना वाटलं. लोणावळ्याच्या कॉलेजात एका रविवारी पाच शाळांच्या मुलींनी आपापले प्रोग्राम दाखवायचे असं ठरलं. लॅपटॉप ज्या कंपनीनं दिले होते तिचाच कार्यक्रम. त्या दिवशी येणाऱ्या मुलींना पुढं दहावीपर्यंत कॉलेजच्या मुली शिकवणार होत्या. आमची शाळा सातवीला संपते. एप्रिलनंतर कोमल कामशेतच्या हायस्कुलात जाणार, तिथं हे काहीच नाही. म्हणजे तो रविवार हुकला की पोरीचं कोडिंग तिथंच थांबणार. कोमलला ते पक्कं ठाऊक होतं. आठवडाभर तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

आणि त्यासाठी पालकांच्या सहीचा फॉर्म हवा होता. तीन पानं, इंग्रजीत.

बारापैकी अकरा फॉर्म दुसऱ्या दिवशी सह्या होऊन आले. कोमलचा फॉर्म पाच दिवसांनी आला, कोरा, चार घड्या पडलेला. तो रतनबाई स्वतः घेऊन आल्या.

"ह्यात काय लिवलंय गुरुजी?"

"नेहमीचंच. मुलीला पाठवायला परवानगी."

"तुमी वाचलाय?"

"वाचलाय हो," मी म्हणालो. वाचला नव्हता. पहिल्या पानावरचं मथळ्याचं वाक्य तेवढं बघितलं होतं. समोर तीन रजिस्टरं उघडी पडली होती आणि तालुक्याहून फोन वाजत होता.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग फॉर्म टेबलावर ठेवून निघून गेल्या. कोमल दाराबाहेर उभी होती. आईनं सही केली नाही हे तिला आईच्या चालण्यावरून कळलं.

मला त्या दिवशी इतका संताप आला की काय सांगू. एवढी हुशार मुलगी, आणि आई अशी. शाळा सुटल्यावर मी फॉर्म घेतला, स्कूटीवर बसलो आणि धरणाकडच्या फार्महाऊसवर गेलो. केरबा जास्वंदीला पाणी देत होते. मी तिसरं पान काढून स्कूटीच्या सीटवर ठेवलं. इथं सही करा, कोमलच्या भल्याचं आहे. केरबांनी हात धोतराला पुसले आणि 'व्हय गुरुजी' म्हणत सही केली. मंडळीला सांगू का, असं तेवढं विचारलं. मी म्हणालो, नंतर सांगू. येताना मी खूष होतो, शीळसुद्धा घातली असेल.

शनिवारी यशोधरा फॉर्म न्यायला आली. मी बाराच्या बारा तिच्यापुढं ठेवले. तेवढ्यात रतनबाई वर्गात आल्या. हातात पळी तशीच होती. केरबांच्या पोटात गोष्ट राहत नाही हे मी विसरलो होतो.

त्या ओरडल्या नाहीत. मुलींना बाहेर पाठवा म्हणाल्या, पण कोमलला थांबवून घेतलं. बाकावर बसल्या आणि बोलायला लागल्या. अकरा वर्षांत त्या एवढं सलग बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

त्यांचं माहेर लोहगडवाडीचं. वडील सोपान, गडाच्या पायथ्याला त्यांची टपरी. ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी. रतनबाई तेव्हा चौदा वर्षांच्या. गडावर येणाऱ्यांत एकदा लोणावळ्याच्या हॉटेलातला माणूस आला. हंडा कमरेवर घेऊन येणाऱ्या रतनबाईंचा त्यानं फोटो काढला. जाताना टपरीवर घालायला नवीकोरी ताडपत्री दिली आणि ती मिळाल्याची पावती म्हणून एका इंग्रजी कागदावर सोपानरावांचा अंगठा घेतला. घरात आठवडाभर त्या माणसाचं गुणगान चाललं होतं.

सहा महिन्यांनी हायवेला हॉटेलचा बोर्ड लागला. पेंटरनं फोटो बघून रंगवलेला, दोन मजली उंच. कमरेवर हंडा घेतलेल्या रतनबाई, गालाला नसलेला गुलाबी रंग, पदर होता त्याहून खाली, आणि डोक्यावर हॉटेलचं नाव. त्यांचं लग्न तेव्हा ठरलं होतं. मुलाकडच्यांनी यष्टीच्या खिडकीतून तो बोर्ड बघितला आणि निरोप धाडला की बोर्डावर उभी राहणारी पोरगी आम्हाला नको. सोपानराव हॉटेलात गेले तर मॅनेजरनं तोच कागद दाखवला. तुमची परवानगी आहे, हा बघा तुमचा अंगठा. ताडपत्री मिळाल्याच्या ओळीच्या वर आणि खाली काय काय छापलं होतं ते सोपानरावांना मरेपर्यंत कळलं नाही.

"सा वर्सं व्हता त्यो बोर्ड," रतनबाई म्हणाल्या. "यष्टी तितनं जाया लागली की मी खाली वाकून चपलीचा पट्टा नीट करायची."

पुढं केरबांचं स्थळ आलं. केरबा त्या रस्त्यानं कधी गेलेच नव्हते. लग्नानंतर रतनबाई साक्षरता वर्गात बसून वाचायला शिकल्या, ते कागद वाचता यावेत म्हणून. पण मराठी. इंग्रजी राहिलं.

मी मान खाली घातली होती. नवऱ्याची सही मी कशी घेतली, ते त्यांनी एका शब्दानं काढलं नाही. ते काढलं असतं तर मला उलट बरं वाटलं असतं.

रतनबाईंनी फॉर्म यशोधरापुढं सरकवला. हा वाच म्हणाल्या, सगळा, मराठीत, कोमलला आणि मला कळेल असा.

यशोधरा वाचायला लागली. मुलीचं नाव, वय, शाळा. येण्याजाण्याची सोय कोण करणार. मुलीला काही लागलंखुपलं तर जबाबदारी कुणाची. ती सावकाश वाचत होती, प्रत्येक वाक्यानंतर रतनबाईंकडे बघत होती. दुसऱ्या पानाच्या तळाशी आली आणि थांबली. तिचे ओठ नुसते हलले. तिनं ती ओळ मनात वाचली, परत वाचली.

तिच्या चेहऱ्यावरून मला अंदाज आला. आणि आता जे सांगतो ते सांगायची मला लाज वाटते. मी म्हणालो, "पुढचं पान घ्या, उशीर होतोय."

यशोधरानं माझ्याकडे बघितलं. एक वाक्य गाळून पुढं जायला तिला काहीच अवघड नव्हतं. समोरच्या बाईला इंग्रजी येत नव्हतं, कोमलला येत होतं ते सातवीच्या पुस्तकापुरतं. कार्यक्रमाचा रविवार आठ दिवसांवर होता.

"नाही सर," ती म्हणाली. "मावशी, इथं लिहिलंय की मुलीचा फोटो, नाव, आवाज आणि तिनं केलेलं काम कंपनीला कुठंही वापरता येईल. जाहिरातीतसुद्धा. कायमचं. दुसऱ्या कुणाला देताही येईल. तुम्हाला परत विचारणार नाहीत."

बाहेर पोरींचा लंगडीचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"ह्ये तू आदी वाचलं व्हतंस?" रतनबाईंनी विचारलं.

"नाही. शिकवणाऱ्यांसाठी माझाही एक फॉर्म होता, त्यावरही हेच असणार. मी सही करून दिलीय, न वाचता." यशोधराचा आवाज बारीक झाला. "आणि हे बारा फॉर्म मीच वाटले."

"मंग आता?"

ती मोबाइल घेऊन बाहेर गेली. आमच्याकडे रेंज फक्त हापशाजवळ येते. तिथं उन्हात उभी राहून ती अर्धा तास बोलत होती. आधी कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंशी, मग कंपनीच्या माणसाशी, मग परत बाईंशी. मध्येच तिनं डोळे पुसलेले मी खिडकीतून बघितले. परत आली तेव्हा तिनं जे झालं ते तसंच सांगितलं. फॉर्म कंपनीचा आहे, त्यातला शब्द बदलणार नाहीत. सही नाही तर स्टेज नाही, बक्षीस नाही, नाव पुकारणार नाहीत. पण कॉलेजच्या बाई म्हणाल्या, मुलींना कॉलेजच्या पाहुण्या म्हणून आणा, व्हरांड्यात टेबल मांडून देते. आणि दहावीपर्यंत शिकवणं, यशोधरा म्हणाली, हे आम्हा मुलींचं काम आहे, कंपनीचं नाही. त्याला कुणाचा फॉर्म लागत नाही.

मग तिनं कोमलच्या वहीचं एक पान मागून घेतलं आणि त्यावर मराठीत लिहिलं: 'कोमलला रविवारी सकाळी लोणावळ्याला घेऊन जाईन आणि संध्याकाळी सहाच्या आत घरी आणून सोडीन. तिच्या आईला विचारल्याशिवाय तिचा फोटो मी काढणार नाही आणि दुसऱ्या कुणाला काढू देणार नाही.' खाली आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि सही. कागद रतनबाईंपुढं ठेवला.

रतनबाईंनी तो वाचला. पाच-सात मिनिटं लागली असतील. बोट एकेका अक्षराखालून जात होतं. कोमलनं दोन्ही हातांनी बाकाची कड पकडून ठेवली होती. मग रतनबाईंनी पेन मागितलं आणि सही केली. उठताना त्यांनी कंपनीच्या फॉर्मचं तिसरं पान, केरबांच्या सहीचं, वेगळं काढून घेतलं आणि स्वयंपाकखोलीत नेऊन शेगडीवर धरलं. बाकीची दोन पानं टेबलावरच राहिली.

दुपारी आवराआवर करताना ती मी हातात घेतली. जे पहिल्या दिवशी वाचायला हवं होतं ते निदान आता वाचावं म्हणून दुसरं पान उलटलं. तळाशी, समासात, बरोबर त्या ओळीच्या शेजारी एक पिवळा ठिपका होता. हळदीच्या बोटाचा. वाळून जुना झालेला. फॉर्म पाच दिवसांनी माझ्याकडे परत आला तेव्हापासूनचाच असणार, कारण नंतर तो माझ्याच हातात, नाहीतर कपाटात कुलपात होता.

सोमवारी मी स्वयंपाकखोलीत जाऊन तो कागद त्यांच्यापुढं धरला. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, कामशेतला झेरॉक्सच्या दुकानात प्रतीक्षा म्हणून मुलगी आहे, वकिलांची कागदं टाइप करते. तिच्याकडून तिसऱ्याच दिवशी सगळं वाचून घेतलं होतं. तिनं दाखवलेली ओळ विसरू नये म्हणून बोट लावून ठेवलं.

म्हणजे शनिवारी यशोधरा वाचत होती तेव्हा रतनबाईंना ती ओळ ठाऊक होती. ती थांबली तेव्हा ती का थांबली हेही ठाऊक होतं.

"आणि तिनं गाळली असती तर?" मी विचारलं.

"तर कोमल घरी ऱ्हायली असती."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "मग मलाच का नाही वाचायला लावलं?"

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"तुमाला आदीच इचारलं व्हतं गुरुजी," त्या म्हणाल्या.

उरलेल्या अकरा घरी मी स्वतः गेलो, ती ओळ वाचून दाखवली. नऊ जणांनी फॉर्म परत घेतला, दोघांनी राहू दे म्हटलं, तो त्यांचा निर्णय. रविवारी सगळ्या पोरी लोणावळ्याला गेल्या, रतनबाईही गेल्या. व्हरांड्यातल्या टेबलाशी कोमलनं दिवसभर लोकांना खिचडीचा हिशेब करून दाखवला. तिचं नाव कुणी पुकारलं नाही. एका फोटोग्राफरनं कॅमेरा वर केला तेव्हा यशोधरा मध्ये येऊन उभी राहिली, असं केरबांनी सांगितलं. त्यांना ते रतनबाईंकडून कळलं, म्हणजे रतनबाईंनी ते घरी जाऊन सांगितलं. संध्याकाळी पावणेसहाला पोरगी घरात होती.

कोमल आता दर शनिवारी कामशेतला यशोधराकडे शिकते. वहीचं ते पान शाळेच्या फाइलीत आहे. मी ते अधूनमधून काढून बघतो. वर यशोधराच्या चार ओळी, तिची सही, खाली रतनबाईंची सही. त्याखाली अर्धं पान कोरं आहे. कुणीही काहीही लिहावं एवढी जागा. तिच्यावर रेघ नाही.

आज दुपारी खिचडी चाखून मी वहीत 'चांगली' असं लिहिलं आणि वही त्यांच्यापुढं केली. रतनबाईंनी अर्धं मिनिट घेऊन तो शब्द वाचला, सही केली, आणि खालच्या बोटभर जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली.